सजीवांचे गट: पाठ करण्याआधी काय बघायचं

नववीतल्या मुलीच्या आईचा प्रश्न थोडक्यात असा: सजीवांच्या गटांची लक्षणं मुलगी पाठ करते आणि आठवड्याभरात विसरते. एका पुस्तकात पाच सृष्टी (म्हणजे सजीवांचे सगळ्यात मोठे गट), दुसरीकडे तीन, क्लासच्या नोट्समध्ये सहा. शैवाल एकदा प्रोटिस्टात, एकदा वनस्पतींत. अळंबी भाजीवाल्याकडे मिळते, तरी ती वनस्पती नाही म्हणतात. हे समजून घेण्याचा काही मार्ग आहे, की पाठांतरच करायचं?

ताई, मार्ग आहे. पुण्यात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवतोय आणि पावसाळ्यात मुलांना टेकड्यांवर नेतोय. त्यावरून सांगतो, तुमच्या मुलीची स्मरणशक्ती अगदी ठीक आहे. अडचण अशी की आठवीत सूक्ष्मजीव, नववीत वनस्पती आणि दहावीत प्राणी असे तीन तुकडे मुलांच्या हाती पडतात आणि ते जोडून कुणी दाखवत नाही. मग प्रत्येक गटाची लक्षणं म्हणजे नुसती एक यादी होते. खरं तर कोणताही सजीव समोर आला की चार प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे. पेशीत केंद्रक (डीएनए आवरणात ठेवणारा गाभा) आहे का? पेशीभोवती भिंत आहे का, आणि असेल तर ती कशाची? अन्न कसं मिळतं: स्वतः तयार करून, गिळून, की बाहेरच विरघळवून शोषून? शरीर एका पेशीचं की अनेक, आणि अनेक असतील तर त्यांच्यात कामाची वाटणी आहे का? या चारांत रंग, आकार, हालचाल यांचा उल्लेख नाही हे मुलीच्या लक्षात आणून द्या. बाहेरचं रूप फार फसवतं.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. लिनियसने 1735 मध्ये सजीवांचे दोनच भाग केले, वनस्पती आणि प्राणी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीव या दोन्हींत नीट बसेनात, म्हणून हेकेलने 1866 मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी मांडली. पुढे 1938 मध्ये कोपलँडने केंद्रक नसलेल्या जीवांना वेगळं काढलं. 1969 मध्ये व्हिटाकरने कवकांनाही स्वतंत्र जागा दिली आणि शाळेत शिकवली जाणारी पंचसृष्टी तयार झाली: मोनेरा (केंद्रक नसलेले जीव), प्रोटिस्टा, कवके (बुरशी, अळंबी), वनस्पती, प्राणी. 1977 मध्ये कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशींतल्या रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या भागाच्या) आरएनएची तुलना केली. केंद्रक नसलेल्या जीवांत दोन पूर्णपणे वेगळी घराणी आहेत, जीवाणू आणि आर्किया, असं त्यातून दिसलं. तीन गटांची मांडणी तिथून आली: हे दोन, आणि तिसरा केंद्रक असलेल्या सगळ्यांचा. मोनेराचे हे दोन भाग करून बाकीच्या चार सृष्टी तशाच ठेवल्या की सहा होतात. तेव्हा तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या काळातले आहेत. परीक्षेत पुस्तकात असेल तेच लिहावं.

आर्कियाचं नाव मुलांना परग्रहावरचं वाटतं, म्हणून मी लोणारचं उदाहरण देतो. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. त्या पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. क्षार वाढलेल्या पाण्यात फोफावणाऱ्या आर्कियांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला होता. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करतात तेही आर्कियाच. दिसायला जीवाणूंसारखेच, पण त्यांच्या पेशीपटलातली मेदद्रव्यं वेगळ्या बांधणीची असतात आणि जीवाणूंची भिंत ज्या पदार्थाची असते ते पेप्टिडोग्लायकन त्यांच्या भिंतीत नसतं.

आता पहिला प्रश्न, केंद्रकाचा. सजीवांतली सगळ्यात मोठी दरी इथे आहे, वनस्पती आणि प्राणी यांच्यातल्या फरकापेक्षाही मोठी. जीवाणूच्या पेशीत डीएनए असतो, पण त्याभोवती आवरण नसतं. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका नाहीत, प्रकाशात अन्न बनवणारं हरितलवक नाही. पेशी बहुधा एक ते दहा मायक्रोमीटरची. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला गेलात तर खडकाळ मातीवर हिरवट-काळपट, जेलीसारखे गोळे दिसतात. लोक त्याला शेवाळ म्हणून पुढे जातात. तो असतो नॉस्टॉक, निळा-हिरवा जीवाणू. उन्हाळ्यात तो वाळून काळ्या पापुद्र्यासारखा पडून असतो आणि पाऊस लागला की फुगतो. तो हिरवा आहे, प्रकाशात अन्न बनवतो, ऑक्सिजन सोडतो, तरी वनस्पती नाही, कारण पेशीत केंद्रकच नाही. उलट बाजूने पाहा: झाडांच्या पानांतलं हरितलवक हे मुळात अशाच एका जीवाणूचं वंशज आहे. फार पूर्वी दुसऱ्या एका पेशीने तो आत घेतला आणि तो तिथेच राहिला. वडाचं पान आणि टेकडीवरचा नॉस्टॉक यांचं नातं इथे आहे.

भिंतीचा प्रश्न मुलांना कोरडा वाटतो. तो किती महत्त्वाचा आहे हे कळायला पिंपरीकडे बघावं. 1954 मध्ये तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिन तयार करते एक बुरशी, आणि ते मारतं जीवाणूंना. कसं? जीवाणूच्या भिंतीतलं पेप्टिडोग्लायकन विणण्याचं काम ते थांबवतं. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरतं आणि पेशी फुटते. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून आपल्याला त्या माऱ्याचा त्रास नाही. ‘प्राणी: पेशीभित्तिका नाही’ ही तक्त्यातली एक ओळ आहे, आणि तिच्यावर कोट्यवधी माणसांचे प्राण वाचले आहेत.

याच कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी 1961 च्या सुमारास हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध शोधलं. ज्या मातीतल्या जीवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, पिंपरीवरूनच. बुरशीवर औषध शोधणं जीवाणूंपेक्षा अवघड असतं, कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या खूप जवळची आहे: तिच्यात केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत. फरक शोधावा लागतो बारीक. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्यात कोलेस्टेरॉल. हॅमायसिनसारखी औषधं एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात. फरक इतका थोडा असल्यामुळे या जातीच्या औषधांचे दुष्परिणामही जास्त असतात. नायटाही बुरशीमुळेच होतो; त्याचं मलम महिनाभर का लावावं लागतं, याच्या उत्तराचाही एक धागा इथेच आहे.

तर अळंबी. हे घरीच करून बघा. बटाट्याची एक चकती आणि बटण अळंबीची एक चकती बशीत ठेवा आणि दोन्हींवर बीटाडीनचा एकेक थेंब टाका. बटाटा निळा-काळा होईल, अळंबीवर डाग तपकिरीच राहील. (चकत्या नंतर टाकून द्यायच्या, खायच्या नाहीत.) वनस्पती साखर साठवतात ती स्टार्चच्या रूपात, आणि आयोडीनने स्टार्च निळा-काळा होतो. अळंबीत स्टार्च नाही. ती साठवते ग्लायकोजेन, तुमच्या-माझ्या यकृतात असतं तेच. तिच्या पेशींना भिंत आहे, पण वनस्पतींसारखी सेल्युलोजची नव्हे, कायटिनची. झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं ते कायटिन. शिवाय तिला हरितद्रव्य नाही. ती पाचकरस बाहेर सोडते, कुजलेलं लाकूड किंवा शेणखत बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. आज आनुवंशिक पुराव्यावरून स्पष्ट झालं आहे की कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांची जवळची नातेवाईक आहेत. भाजीवाल्याच्या टोपलीतली जागा हा स्वयंपाकाचा निर्णय झाला. जीवशास्त्राचा निर्णय वेगळा आहे.

कवकांचा विषय निघालाच आहे तर दगडफुलाबद्दल सांगतो, कारण ते तुमच्या गोड्या मसाल्यात आहे. मंडईत मसाल्याच्या दुकानातून चार तुकडे आणा आणि भिंगाखाली धरा. वरून राखाडी, खालून काळपट, कडा मुरडलेल्या. हे फूल नाही, एक झाडही नाही आणि एक बुरशीही नाही. ती शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बाहेरचं घर बुरशीच्या धाग्यांचं, आणि त्यात अडकलेल्या हिरव्या शैवालाच्या पेशी अन्न तयार करतात. वर्गीकरणात तिला कवकांत ठेवतात आणि नाव बुरशीचं धरतात. सिंहगडाच्या खडकांवर आणि झाडांच्या सालींवर हे नेहमी दिसतं. शहराच्या गर्दीच्या भागात झाडांच्या खोडांवर ते कमी होत जातं, कारण शैवाकांना मुळं नसतात. हवेतून येईल ते सारं त्या थेट शोषतात, प्रदूषणासकट. मुलीला सिंहगडाच्या पायथ्यापासून स्वारगेटपर्यंतच्या झाडांची खोडं बघत यायला सांगा, पाठ्यपुस्तकाच्या चार पानांपेक्षा जास्त लक्षात राहील.

वारुळाकडेही तिचं लक्ष वेधा. पावसाच्या सुरुवातीला वारुळातून पांढऱ्या छत्र्या वर येतात. वाळवीच्या काही जाती वारुळाच्या पोटात टर्मिटोमायसिस या बुरशीची शेती करतात. चावलेलं पालापाचोळ्याचं अन्न त्या बुरशीच्या बागेत आणून ठेवतात, बुरशी ते पचवते आणि वाळवी ती बाग खाते. म्हणजे वाळवी संधिपाद (जोडांच्या पायांचा) प्राणी, त्यातही मुंगीपेक्षा झुरळाच्या जवळची. बाग कवकाची, आणि वाळवीच्या आतड्यात जीवाणू. एका ढिगाऱ्यात तीन सृष्टी.

प्रोटिस्टांबद्दल मी फार वेळ घालवत नाही आणि मुलांनाही तसंच सांगतो. घरात एक खण असतो, जिथे कुठेच न बसणाऱ्या वस्तू ठेवतात, तसा हा गट आहे. केंद्रक आहे, बहुतेक एकपेशीय, आणि कवक, वनस्पती, प्राणी यांपैकी काहीच नाही, एवढंच समान लक्षण. अमीबा गिळतो, युग्लीना उजेडात अन्न बनवतो आणि अंधारात बाहेरून घेतो, डायटमभोवती सिलिकाची म्हणजे काचेच्या जातीची डबी असते. मलेरियाचा प्लाझ्मोडियम आयुष्यभर परजीवी, तरी त्याच्या पेशीत हरितलवकाचा एक अवशेष सापडतो. आणि शैवालाचा तुमचा प्रश्न: व्हिटाकरने अनेकपेशीय शैवालांना वनस्पतींत ठेवलं होतं, नंतरच्या अनेकांनी ती प्रोटिस्टात नेली. आजच्या समजुतीप्रमाणे हिरवी शैवालं, स्पायरोगायरासारखी, खरोखर जमिनीवरच्या वनस्पतींच्या नात्यातली आहेत. समुद्रातली तपकिरी शैवालं मात्र नाहीत, ती वेगळ्याच शाखेची. तेव्हा दोन पुस्तकांत दोन उत्तरं मिळाली तर घाबरू नये. नववीच्या पुस्तकातली थॅलोफायटा (तिथला शैवालांचा गट) तेवढी नीट करावी.

वनस्पतींचे गट पाठ करण्याऐवजी एकच गोष्ट धरून चालायचं: पाण्यावरची अवलंबिता कशी कमी होत गेली. श्रावणात जुन्या वाड्याच्या भिंतीवर मखमलीसारखं मॉस येतं. त्याला खरी मुळं नाहीत, पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत, म्हणून ते बुटकं राहतं. त्याच्या नर युग्मकांना (प्रजननपेशींना) मादीकडे पोहत जावं लागतं, म्हणून पाण्याचा पातळ थर तरी लागतोच. हे झालं ब्रायोफायटा. सिंहगडाच्या वाटेवरच्या नेच्यांना संवहनी ऊती, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या त्या नळ्या, मिळाली, ते उंच झाले, पानं मोठी झाली. पण पानांच्या मागे तपकिरी ठिपके दिसतात ते बीजाणूंचे, बिया नाहीत, आणि नर युग्मकं अजूनही पोहतात. पुढे बी आलं. सोसायटीच्या बागेतली मोरपंखी आणि कॉलेजांच्या आवारातला सायकस ही अनावृत्तबीजी, म्हणजे बी आहे पण त्याभोवती फळ नाही. सायकसचं मला विशेष कौतुक आहे. परागकण बीजांडापर्यंत पोचतो, आणि तिथे नर युग्मक शेवटचा थोडासा प्रवास पोहूनच करतो. जुनी सवय कायम आहे! आवृत्तबीजींत तीही गेली, बीज अंडाशयात झाकलं गेलं, आणि त्यांच्या तीन लाखांच्या आसपास जाती झाल्या. अनावृत्तबीजींच्या साधारण एक हजार. हा धागा एकदा हाती आला की प्रत्येक गटाची लक्षणं मुलगी स्वतः तयार करू शकते. एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री तर जेवणाच्या ताटातच आहेत: ज्वारीचा दाणा आणि हरभऱ्याची डाळ.

प्राण्यांत मात्र रूप सगळ्यात जास्त फसवतं. पावसाळ्यात पुण्यातल्या तळमजल्यावरच्या न्हाणीघरात गांडुळासारखं काहीतरी वळवळतं आणि फोनवर फोटो येतात: ‘सर, हे काय?’ तीन शक्यता असतात. पहिली, खरंच गांडूळ: अंग ओलसर, वलयं स्पष्ट, हाड एकही नाही, चेतारज्जू (मुख्य मज्जातंतू) पोटाच्या बाजूला. तो वलयी प्राणी. दुसरी, वाळा, म्हणजे बारीकसा आंधळा साप: अंग कोरडं आणि चकचकीत, भिंगाखाली खवले दिसतात, आत पाठीचा कणा आणि फुप्फुस. तो सरीसृप, पूर्ण बिनविषारी. त्याच्या ज्ञात लोकसंख्येत सगळ्या माद्याच आहेत आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. कृपया त्याला मारू नका, कागदावर घेऊन बाहेर मातीत सोडा. तिसरी शक्यता शहरात जवळपास नाहीच, पण सह्याद्रीच्या ओल्या जंगलात आहे: देवगांडूळ. अंगावर गांडुळासारखी वलयं, त्वचा ओली, पण आत कणा आणि जबड्यात दात. तो उभयचर, बेडकाचा भाऊबंद. तिघंही मातीत राहतात, मातीत शिरायला लांबट, बिनपायाचं शरीर सोयीचं, म्हणून रूप सारखं झालं. नातं ठरतं ते आतल्या बांधणीवरून. गांडुळापेक्षा वाळा तुमच्या-माझ्या जवळचा आहे, हे वाक्य मुलीला समजलं तर दहावीतला अर्धा धडा झाला.

उरलेला अर्धा पुन्हा प्रश्नांनीच सुटतो. ऊती, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचे गट, आहेत का? स्पंजांत नाहीत. शरीराचे दोन सारखे भाग किती रेषांनी पाडता येतात? हायड्राचे (गोड्या पाण्यातला नळीसारखा छोटा प्राणी) अनेक रेषांनी, गांडुळाचे एकाच. (भारतातल्या हायड्राच्या एका प्रकाराची शास्त्रीय नोंद ‘इंड-पुणे’ या नावाने झाली आहे, तो आघारकर संस्थेतच अभ्यासला गेला.) देहगुहा, म्हणजे शरीराची भिंत आणि आतले अवयव यांच्यातली पोकळी, आहे का? चपट्या कृमींत नाही. अंग खंडांचं आहे का, पाय जोडांचे आहेत का, कवच कशाचं? गोम आणि वाणी, ज्याला कुणी पैसा म्हणतात, यांतला फरक अंगणातच दिसतो: गोमेला प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी, वाणीला बहुतेक खंडांवर दोन. दोघेही संधिपाद, आणि संधिपादांत एकट्या कीटकांच्याच दहा लाखांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. पावसात कुंड्यांवर चढणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय मृदुकाय. कंटकचर्मी पुण्यात शोधू नका, तारामासा गोड्या पाण्यात राहतच नाही. पण त्याला कमी लेखू नका. त्याच्या भ्रूणाची वाढ आपल्या भ्रूणासारख्या क्रमाने होते, म्हणून तो मुंगी आणि गोगलगाय यांच्यापेक्षा आपल्या नात्यात जवळचा. पृष्ठवंशीय प्राण्यांचे वर्ग मुलांना येतातच, त्यावर वेळ दवडू नये. फक्त एवढं पक्कं करावं की समपृष्ठरज्जू प्राण्यांत (पृष्ठवंशीय आणि त्यांचे जवळचे नातेवाईक) पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतला आधाराचा दांडा, आयुष्यात कधीतरी असतोच, आणि चेतारज्जू पाठीकडे व पोकळ असतो.

विषाणू कोणत्या गटात, हेही विचारलं आहे. कोणत्याच नाही. पेशीच नाही, म्हणून आपला पहिला प्रश्नच त्यांना लागू पडत नाही. प्रथिनाचं आवरण आणि आत डीएनए किंवा आरएनए, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय स्वतःची प्रत काढता येत नाही. त्यांचा अभ्यास पुण्यात 1952 पासून चालू आहे, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत. आणि त्यांना भिंत नाही, रायबोसोम नाही, म्हणून सर्दीवर पेनिसिलिनच्या जातीची औषधं घेऊन उपयोग होत नाही. डॉक्टर अँटिबायोटिक द्यायला नकार देतात तेव्हा ते हेच वर्गीकरण वापरत असतात.

शेवटी प्रत्यक्ष काय करायचं ते. महागडा सूक्ष्मदर्शक लगेच घेऊ नका. दहापट दाखवणारं घडीचं भिंग घ्या, ते पुरतं. जुलै ते सप्टेंबर टेकडीवर सकाळी जा, वही न्या, आणि दिसलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे वरच्या चार प्रश्नांची उत्तरं लिहायला लावा. जे उत्तर डोळ्यांनी दिसत नाही ते तिने पुस्तकात शोधावं. तक्ता तिने सगळ्यात शेवटी आणि स्वतःच्या हाताने काढावा. रानातली कोणतीही छत्री मात्र ओळखीची वाटली तरी खायची नाही. विषारी आणि खाण्याजोग्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, आणि चुकलं तर यकृत निकामी होऊ शकतं.